मथुराबाईंचं झालेलं ऑपरेशन

"तुमचं ऑपरेशन झालंय, आजी," मानसिंगने स्क्रीनवर बोट ठेवून सांगितलं.

मथुराबाईंनी डोळ्यांवर हात आडवा धरला. "झालंय व्हय? मग दिसंना कसं रं बाबा?"

मोतीबिंदू शिबिराच्या याद्या करणारं सॉफ्टवेअर आमचं, सात रस्त्याजवळच्या ऑफिसातलं. मानसिंगने ते लिहिलं, तपासते मी. त्याच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी, मी मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलेली. म्हणून तो 'सर' आणि मी 'काकू'. शिबिरातून परत पाठवलेल्या मथुराबाई जावेचा हात धरून थेट आमच्याकडे आल्या होत्या. शिबिराचा शेवटचा दिवस. पाचला डॉक्टर निघणार.

जावेचं परवाच ऑपरेशन झालेलं. तिचंही नाव मथुराबाई. दोघींचे नवरे चुलतभाऊ, दोघांनाही आजोबांचं नाव ठेवलेलं, बिरप्पा. आडनाव कोळेकर, गाव एकच. जन्मतारीख दोघींनाही ठाऊक नाही, तेव्हा आधारवाल्याने दोघींना एकच साल, एक जानेवारी टाकून हात झटकलेले. वेगळे होते ते फक्त शिबिराचे टोकन नंबर.

"सर, दोन्ही टोकनं एकाच नोंदीकडे जातायत," मी म्हणाले.

"टेस्ट पास आहे, काकू. हिरवं दिसतंय ना?"

दिसत होतं की. विचारायला हवं होतं, दोन्ही नोंदी वेगळ्या आहेत का. त्याची टेस्ट विचारत होती, सारख्या आहेत का? आता एकच नोंद दोनदा बघितली, तर ती स्वतःसारखी नसून जाईल कुठे?

मी चार ओळींची टेस्ट लिहिली. एका टोकनवर शेरा टाकायचा आणि दुसरं टोकन उघडून बघायचं. जावेच्या टोकनवर लिहिलं, 'काळा चष्मा दिला.' मथुराबाईंच्या टोकनवरही चष्मा हजर. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"म्हंजी हिच्या डोळ्यात भिंग घातलं की मला दिसाया पायजे," मथुराबाई म्हणाल्या. "मग उद्यापास्नं मी जेवते, पोट हिचं भरंल."

"भरतंयच की," जाऊ म्हणाली. "भांडी तेवढी मी घासते, तू घासली असं धर."

मानसिंग हसला नाही. "एकीची तारीख दोन जानेवारी करू. झाल्या वेगळ्या."

"आणि उद्या तीन फुलाबाई आल्या तर? वर्ष संपेल सर, बाया संपणार नाहीत."

"बरं, पुढच्या अपडेटमध्ये घेऊ."

"डॉक्टर थांबतील तोवर?"

साडेतीन झाले होते. तो खुर्चीवरून उठला. तेवढी मदत त्याने केली. नोंद नावावरून नाही, टोकनवरून ओळखायची, असं मी बदललं. पुन्हा तपासलं. एक मथुराबाई 'पूर्ण', एक 'बाकी'.

मानसिंगने लगेच शिबिरात फोन लावला. "सर, नवीन सोय दिलीय. एकाच नावाचे पेशंट आता वेगळे ओळखता येतात." तिकडून त्याचं कौतुक झालं. चुकीला सोय म्हणायचं असतं, हे मला कुठल्याच व्हिडिओत सापडलं नव्हतं.

रिक्षा करून मी दोघींना घेऊन गेले. नर्सने नवी यादी वाचली. "मथुराबाई बिरप्पा कोळेकर कोण?"

"मी," दोघी एकदम म्हणाल्या.

"अहो, ऑपरेशन बाकी असलेली?"

मथुराबाईंनी जावेचा हात आणखी घट्ट धरला. जावेने हात सोडवून घेतला आणि त्यांना पुढं ढकललं.

"जा की, भिऊ नगं. पट्टी काढल्यावर मला पैली तूच दिसलीस. लई म्हातारी झालीयास बग."