गोमतीचा कोरा कान

पूर ओसरला तेव्हा रामघाटाच्या गल्लीत गुडघाभर चिखल उरला होता आणि विष्णू ग्वाल्याच्या गोठ्यात गोमती मरून पडली होती. पाणी चढताना विष्णूने तिची कालवड वर नेली. गोमतीला न्यायला परत येईतो उशीर झाला.

गाय विष्णूची, पण घाट तिला ओळखायचा तो ढुंढिराज गुरुजींमुळे. गोदानाला आलेल्या यजमानांना गुरुजी तिचंच शेपूट धरायला लावत आणि दक्षिणेतला वाटा विष्णूला देत. आज ते चिखल तुडवत आले होते, कारण पंचनाम्याला जनावरांच्या सरकारी डॉक्टर येणार होत्या. सरकारी मदत मिळाली तरच विष्णूला दुसरी दुभती गाय घेता येणार होती.

डॉक्टर सुमेधा मूळच्या साताऱ्याकडच्या, गुरुजींसारख्याच मराठी; बाकी घाट हिंदी बोलणारा. त्यांनी वाकून गोमतीचा एक कान पाहिला, मग दुसरा.

"बिल्ला कुठाय?"

विष्णूने गोमतीच्या कानावरचा चिखल पुसला.

"अरे, पिवळा बिल्ला! त्याच्या नंबराशिवाय ही गाय तुझी, हे वरचे लोक कसं मानतील? आमची माणसं दारात येऊन फुकट मारत होती की."

"राहून गेलं, मॅडमजी," विष्णू खाली बघत म्हणाला. "आता बिल्ला मारून टाका ना. कान तर आहेच."

"मेलेल्या कानात? फोटोत कळतं रे. तुझी मदत जाईल आणि माझी नोकरीही."

गुरुजींना खरं ठाऊक होतं. राहून गेलं नव्हतं. बिल्लेवाले आले त्या दिवशी विष्णू गाय धरून उभा होता. गुरुजीच ओरडले होते, 'कान टोचलेली गाय दानाला चालत नाही, ती अव्यंग लागते!' विष्णूने मुकाट्याने दावं सोडलं होतं. आजही तो त्यांचं नाव घेत नव्हता. त्याने चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"डॉक्टरबाई, बिल्ला मी मारू दिला नाही," ते मराठीत हळूच म्हणाले. मग त्यांचीच त्यांना लाज वाटली. विष्णूला आणि जमलेल्या शेजाऱ्यांना कळावं म्हणून त्यांनी तेच हिंदीत, मोठ्याने सांगितलं.

कुणीतरी फिदीफिदी हसलं. "वाह गुरुजी, कान वाचवला, गाय घालवली!"

"लेखी द्याल?" सुमेधाने विचारलं.

"देतो."

"पंचनाम्याला जोडते. पण मंजूर होईल असं नाही सांगत हं. वर पहिल्यांदा बिल्लाच विचारतात."

गुरुजींनी मान हलवली. खुंट्याला बांधलेल्या कालवडीकडे बोट दाखवत ते म्हणाले, "हिला तरी आज बिल्ला मारा."

"आणि गोदानाला मग कोण उभं राहणार?" विष्णू पहिल्यांदाच तडकला. "दूध गेलं, गुरुजी. आता दक्षिणाही जाऊ द्यायची?"

"हिचंच शेपूट धरायला लावीन मी."

"यजमान नको म्हणाले तर? पलीकडे शिंदे घाटावर बिनबिल्ल्याच्या गाई काय कमी आहेत?"

यजमान नको म्हणतीलच. तसं म्हणायला गुरुजींनीच शिकवलं होतं. डॉक्टर बिल्ल्याचा चिमटा हातात घेऊन थांबल्या होत्या. 'मारा' हा शब्द पुन्हा गुरुजींच्या ओठांवर आला, पण त्यांनी तो गिळला.

"जनावर तुझं आहे, विष्णू," ते म्हणाले. "तू सांग."

विष्णूने एकदा गोमतीकडे पाहिलं. मग त्याने कालवडीच्या गळ्यात हात घातला आणि तिचा कान डॉक्टरांकडे वळवला.