मला घळ पाहायची होती

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. तिरोलमधल्या शार्टनकोगेल पर्वताच्या कुशीत, गुरांच्या कुरणात, एका खांबावर मी उभी असते. विन्झेन्स सुताराने माझे एक टोक निमुळते केले आणि अंगावर कोरले, 'हिरवे तळे'. तेव्हापासून माझे तोंड तळ्याच्या वाटेकडे.

गंमत म्हणजे, ते तळे मी कधी पाहिलेलेच नाही! येणारे-जाणारे बोलतात तेवढेच माझे ज्ञान. कुणी म्हणते, पाणी हिरवेगार आहे. कुणी म्हणते, छे, काळेकुट्ट! धबधब्यापाशी म्हणे ऊन पडले की इंद्रधनुष्य दिसते. आणि वरच्या झोपडीतले चीजचे गोळे घातलेले सूप पिऊन आलेली माणसे तर वाटभर त्याचेच गुण गातात. ऐकून ऐकून माझा जीव कासावीस होई. त्यातून पाठीमागची ती घळ! तिथे सारखे काहीतरी गडगडे, आणि मला मान वळवता येत नसे.

एकदा अल्मा गाईच्या मानेला खाज सुटली. तिने माझ्या सैल झालेल्या खांबाला मान अशी घासली की मी गर्रकन फिरले. अहाहा! समोर घळ! मळकट बर्फ, सुटे दगड आणि त्यांवरून उड्या मारणारे रानबकरे. मी अगदी हरखून गेले.

तेवढ्यात धुके उतरले. त्यातून तळ्याकडे निघालेले कोर्बिनियान आजोबा आणि हेडविग आजी आले.

"अहो, मागच्या खेपेला आपण डावीकडे वळलो होतो," आजी म्हणाल्या.

"मागच्या खेपेला तू छत्रीसुद्धा विसरली होतीस. पाटी काय खोटं बोलणार आहे?"

दोघे घळीत शिरले. मला ओरडायचे होते, पण पाटीला आवाज कुठला? वरून एक दगड सुटला. माझी पाहण्याची हौस पार फिटली. डोळे मिटून घ्यावेसे वाटले.

इतक्यात अल्माला शोधत गुराखीण बुर्गी आली. तिने माझ्याकडे पाहिले आणि बोंबच ठोकली, "अहो आजोबा, मागं फिरा! तिकडं तळं नाही, दरड कोसळते तिथं!"

दोघे परतले. आजोबांचा गुडघा फुटला होता.

"लबाड पाटी!" ते माझ्यावर डाफरले.

"तिला कशाला बोलता? हा आमच्या अल्माबाईंचा उद्योग."

"आणि बायकोचं ऐकायचं नाही, हा तुमचा!" आजी म्हणाल्या. आणि त्या आजोबांच्या गुडघ्याला रुमाल बांधू लागल्या.

बुर्गीने मला वळवले आणि खांबाच्या बुडाशी दगडाने पाचर ठोकली. घळ पुन्हा पाठीमागे गेली.

मित्रांनो, वाटेत एखादी पाटी वाकडी दिसली तर हसून पुढे जाऊ नका. तिला घट्ट करा, नाहीतर जवळच्या गोठ्यात सांगा. मला अजूनही सगळे पाहायचे आहे. पण धुक्यात माणसे माझ्याकडे पाहून पाऊल टाकतात.