काटा हिरव्यावर होता

नरकाची भीती वाटणाऱ्या माणसाने आग विझवायच्या धंद्यात पडू नये. तपशील फार कळतात.

आमचं काम लाल सिलिंडरांचं. दुकानं, शाळा, एक हॉस्पिटल, अशा ठिकाणी भिंतीवर जे टांगलेले असतात आणि ज्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, ते दर सहा महिन्यांनी आम्ही बघतो. म्हणजे बघायला हवेत. आई मालकीण, कामाला मी आणि डुलकीकाका. गाडीत बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागतो म्हणून हे नाव. खरं नाव बहुधा त्यांनाही आठवत नसावं.

काम सोपं आहे. दाब दाखवणारा काटा हिरव्यावर आहे ना बघायचं, मग सिलिंडर उतरवून उलटा करायचा आणि कान लावायचा. आतली पावडर सर्रकन घसरल्याचा आवाज आला की ठीक. नाही आला तर पावडर बसून दगड झालेली असते, आणि मग काटा कितीही हिरवा असला तरी तो सिलिंडर फक्त कोणाच्या तरी डोक्यात घालायच्या कामाचा. हे झालं की सिलिंडरला बांधलेल्या चिठ्ठीवर सही. दुसऱ्या दिवशी आई जाऊन फेरतपासणी करते आणि शिक्का मारते.

मालकिणीच्या मुलाला सूट मिळते असं कोणाला वाटू नये म्हणून आई कामावर मला 'तुम्ही' म्हणते. एकदा मी तापाने फणफणलो होतो. घरातून निघताना "अंगावर घे रे काहीतरी" म्हणाली, आणि कामावर पोचल्यावर रजेचा अर्ज तुम्ही कालच द्यायला हवा होता, असं सुनावलं. मधे सात मिनिटं गेली होती.

बुधवारी सकाळी बेकरीत भट्टीजवळ आग लागली. बेकरीवाल्याने भिंतीवरचा आमचा सिलिंडर काढला, पिन ओढली, दांडी दाबली. फुस्स झालं. तेवढंच. शेवटी त्याने रिकाम्या पोत्याने आग झोडपून काढली, आणि पोतं संपल्यावर हातांनी. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

चिठ्ठी जळून गेली होती. आमच्या कामाच्या वहीत एवढंच होतं की त्या दिवशी बेकरीत आम्ही दोघं गेलो होतो. कोणता सिलिंडर कोणी बघितला हे फक्त चिठ्ठीला माहीत. आणि मला. भट्टीजवळ उकडत होतं, सिलिंडर उंचावर होता, आणि समोर ताजी बिस्किटं होती. मी खालूनच काटा बघितला. हिरव्यावर होता. सही केली आणि बिस्किटं खाल्ली. चार.

सरकारी तपासनीसाने फोनवर कळवलं की शनिवारी येतो, नावं तयार ठेवा. परवाना जाईल, पुढचं कोर्ट बघेल. आईने आम्हा दोघांना समोर उभं करून विचारलं. काकांनी छताकडे बघत आठवून बघितलं. मग म्हणाले, आठवत नाही, पण माझाच असेल, झोपेत राहिला असेल. मी काहीच बोललो नाही. आईच्या फेरतपासणीतूनही तो सुटला होता, तेव्हा पावडर नंतर बसली असणार, असं मी ठरवलं. शिवाय मी खोटंही बोललो नव्हतो. हे मी त्या दिवशी स्वतःला साधारण ऐंशी वेळा सांगितलं.

गुरुवारपासून मला लाल रंग सोसेना. तसलं काही दिसलं की मी तोंड फिरवायचो. टपालपेटी दिसली तरी, टोमॅटो दिसला तरी. घरातल्या वस्तू उलट्या करून मी त्यांना कान लावू लागलो. मिठाची बरणी. आजोबांचा पावडरचा डबा. एकदा पलंगावरून डोकं खाली सोडून स्वतःलाही ऐकून बघितलं. काहीच घसरलं नाही.

शुक्रवारी दुपारी मी आजोबांच्या खोलीत गेलो. आजोबा चाळीस वर्षं चर्चमध्ये पाळक होते. चाळीस वर्षांच्या उपदेशातून माणसाकडे थोडंफार पुण्य शिल्लक राहत असेल, आणि ते घरातल्या घरात वापरता येत असेल, असा माझा अंदाज होता. एका मित्राची अडचण म्हणून मी सगळं सांगितलं. आजोबांनी मित्राची चौकशीही केली नाही.

"माझी पापं माझ्याच अंगावर पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "तुझी कुठे ठेवू?"

मी म्हटलं, पण देव घराणं वगैरे थोडं बघत असेल ना.

आजोबांनी चहात टोस्ट बुडवला. "त्याने स्वतःच्या मुलाला सूट दिली नाही, बाळा. तुला देईल?"

टोस्ट तुटून कपात पडला. मी घाबरून म्हटलं, मग वधस्तंभाचं काय, ख्रिस्ताने सगळ्यांची पापं घेतली ना.

"घेतली. पण तू त्याच्याकडे आणणार काय? आधी हातात धरून 'हे माझं' म्हणावं लागतं. तू तर ते डुलकीच्या खिशात टाकून आलायस."

शनिवारी सकाळी आई ऑफिसात एकटी होती. टेबलावर काकांचा राजीनामा पडला होता, पाकीट न फोडलेलं.

"बेकरीतला सिलिंडर मी बघितला होता," मी म्हणालो. "म्हणजे, नव्हता बघितला."

आईने एक कागद पुढे ओढला. "पूर्ण नाव सांगा."

माझं नाव तिनेच ठेवलेलं आहे. मी ते तिला सांगितलं आणि तिने लिहून घेतलं.

तपासनीस आला, कागद वाचला, परवाना घेऊन गेला. कोर्टाची तारीख कळवतो म्हणाला. आईने काकांना पाकीट परत दिलं आणि मला गाडीत बसायला सांगितलं. बेकरीवाल्याला ठेवलं होतं त्या हॉस्पिटलच्या दारात गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही.

"तू येतेस ना आत?" मी विचारलं.

"मी बुधवारीच जाऊन आले."

"कशाला?"

तिने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "काकांचे सिलिंडर मी एकेक उलटा करून बघते. तुझे बघत नाही. शिक्का मारते आणि येते. तुझे म्हणून."

म्हणजे तिला बुधवारपासून ठाऊक होतं. पावडर बसलेला सिलिंडर तिच्या हातून सुटला, तर तो काकांचा असूच शकत नव्हता. त्या कागदावर माझ्या नावाच्या वर तिचं नाव होतं. मला वाटलं होतं, मालकीण म्हणून पत्त्यात लिहिलंय.

"मग मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं होतं," ती म्हणाली. "दोघांना उभं करून. जा आता. माझ्या वाट्याचं मी सांगून आले, तुझं मला सांगता येणार नाही."

मी जिन्याने गेलो. लिफ्ट फार लवकर पोचली असती. तिसऱ्या मजल्यावर बेकरीवाल्याच्या खोलीबाहेर भिंतीवर लाल सिलिंडर होता. आमचाच. चिठ्ठीवर माझी सही, वर आईचा शिक्का. काटा हिरव्यावर.

मी सिलिंडर उतरवला, उलटा केला आणि कान लावला. एक नर्स थांबून बघू लागली. मी हलवून पुन्हा ऐकलं.

आतून आवाज आला नाही.

तो परत टांगायची माझी हिंमत झाली नाही, आणि खाली ठेवायला जागा नव्हती. तसाच दोन्ही हातांत धरून मी दार ढकललं. बेकरीवाला उशीला टेकून बसला होता, बँडेजचे दोन मोठे पांढरे हात मांडीवर ठेवून. बायको त्याला चमच्याने काहीतरी भरवत होती. त्याने आधी सिलिंडरकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पाय पोटाशी ओढून घेतले.

"हे माझं," मी म्हणालो.