सोळा इंचांचा हात

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. लगेच चेहरे पाडू नका, मी तुमच्याकडे दया मागायला आलेलो नाही. माझी बॅटरी केव्हाच मेली आहे, दोन बटणे निखळली आहेत आणि पडदा मागे कोसळू नये म्हणून त्याला विटेचा टेकू लावावा लागतो. माझ्या पाठीवर 'भंगार' अशी चिठ्ठीही चिकटवलेली आहे. तरीही मी ताठ बसून बोलणार आहे. एका बाईची मेहनत पुसली जाणार होती आणि ती माझ्या पोटातल्या एका फाईलने वाचवली.

माझा जन्म कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात झाला. त्या जागेची मला फारशी आठवण नाही आणि प्रेम तर मुळीच नाही. माझे खरे आयुष्य सुरू झाले बीडजवळ, विद्यापीठाच्या एका छोट्या संशोधन केंद्रात. केंद्राचे प्रमुख अमरसिंह सर. त्यांच्या टेबलावर मी दोन वर्षे अंगावरच्या प्लास्टिकसकट बसून होतो. पाहुणे आले की माझ्या पडद्यावर गुलाबाची फुले आणि 'सुस्वागतम' झळकायचे. खंडेनवमीला माझी पूजा व्हायची. मला कोणी उलटे केले तर आजही बटणांच्या फटीतून चिमूटभर कुंकू पडते. पूजा भरपूर झाली, काम मात्र कोणी दिले नाही. त्या दिवसांचा मला अजूनही राग येतो.

मग वडवणीची धनश्री संशोधनासाठी केंद्रात आली. तिने पहिल्याच दिवशी माझे प्लास्टिक टरटर फाडले. माझ्यात 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'अंतिम खरेच अंतिम' अशा नावांच्या अकरा फाईली होत्या. त्या पाहून तिने कपाळाला हात लावला. तिने माझ्यात एक नवी व्यवस्था बसवली. कोणी काही बदलले की काय बदलले, कधी बदलले आणि कोणी बदलले, हे आपोआप नोंदले जाई. जुने पुसले जात नसे, त्याच्या शेजारी नवे लिहिले जाई. त्या दिवसापासून मी लबाडी विसरलो.

गटाचे काम होते चाळीस गावांतल्या विहिरींचे पाणी मोजण्याचे. दर सोमवारी प्रत्येक गावातला एक माणूस काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजायचा आणि फोनवर कळवायचा. धनश्री ते माझ्यात भरायची आणि हंगाम संपला की संकेतस्थळावर ठेवायची. तिथून ते कोणालाही फुकट उतरवून घेता येई. सरांना हे पटत नव्हते.

"आपली माहिती आपण लोकांना कशाला वाटायची?" ते म्हणाले.

"सर, विहिरी त्यांच्याच आहेत," धनश्री म्हणाली. मला तर त्या वेळी हसूच आले होते.

नेकनूरजवळच्या एका गावात मोजणीचे काम धोंडीराम करत असे. गटाने त्याला चांगली लांब टेप दिली होती. दसरा झाला आणि धोंडीराम ऊसतोडीला निघाला. त्याची म्हातारी आई, छबुबाई, घरी राहिली. पुढच्या सोमवारी तिचा फोन आला.

"पोरी, टेप तर धोंड्याच्या बोजात गेली की! भांड्याच्या पोत्यात कुनी घातलीती कुनास ठावं. गाडी कवाच गेली. पर मी मोजलंया. बैलाच्या जुन्या कासऱ्याला हाताहातावर गाठी मारल्या, टोकाला नट बांधला आन सोडला हिरीत. बावीस हात भरलं. लिव."

धनश्रीने लिहिले, 'बावीस हात. टेप बोजात गेली, दोरीने मोजले.' शेजारच्या रकान्यात तिने त्याचे फूट केले. एक हात म्हणजे दीड फूट, असे तिने पुस्तकात वाचले होते. बावीस हातांचे तेहतीस फूट झाले. आदल्या सोमवारी धोंडीरामच्या टेपने एकोणतीस फूट दाखवले होते. म्हणजे आठ दिवसांत पाणी चार फूट खाली गेले होते!

छबुबाईने गुढीपाडव्यापर्यंत चोवीस सोमवार मोजले. प्रत्येक वेळी हात, प्रत्येक वेळी दीडपट फूट. सरांनी त्याचा आलेख पाहिला आणि ते खुर्चीतून उठलेच. गाव तोडीला निघाले की विहिरीचे पाणी एकदम खाली जाते, कारण मागे उपशावर कोणाचे लक्ष राहत नाही, असा शोध त्यांनी लावला. त्यावर लेख लिहायला घेतला. छापण्याआधी ते धनश्रीला म्हणाले, "हे हात-बीत काय लावलंय? शास्त्रात शोभत नाही. फक्त फूट ठेव." तिने ऐकले. हातांचा रकाना जगापुढे गेलाच नाही. नवा संगणक आला, तेव्हा त्याच्यात सुबक फाईल गेली. हातांची मूळ फाईल राहिली ती फक्त माझ्या पोटात, आणि मला कोपऱ्यातल्या कपाटावर ठेवण्यात आले.

मग धर्मापुरीहून एक पत्र आले. तिथल्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सायलीबाईंनी वर्गात आलेख काढायला म्हणून आमची माहिती उतरवून घेतली होती. त्यांनी विनयाने विचारले होते, "या एका विहिरीतले पाणी दर वेळी दीड फुटाच्याच पायऱ्यांनी कसे उतरते? आणि पाडव्याला धोंडीराम परत आल्यावर, पाऊस नसताना, तेच पाणी पंचेचाळीस फुटांवरून चाळिसावर कसे आले?"

सरांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "अडाणी बाईच्या हातात काम दिलं की असंच होतं. तिच्या चोवीस ओळी काढून टाक. गुपचूप नवी फाईल ठेव. कोणाला कळतंय?"

"सर, चूक त्यांची नाही. हात म्हणजे दीड फूट, हे मी धरलं. त्यांना विचारलंच नाही."

"आणि आता हात होते म्हणून सांगशील, ते कोण मानेल? पुरावा काय? तुझ्या प्रबंधाचं काय होईल, याचा विचार केलास का?"

धनश्री सरळ माझ्याकडे आली. तिने माझ्यावरची धूळ झटकली आणि वायर जोडली. मित्रांनो, मी त्या दिवशी जिवाच्या आकांताने सुरू झालो. पंखा घरघरला, पडदा दोनदा काळा झाला, पण मी दगा दिला नाही. मूळ फाईल उघडली. चोवीस सोमवार, चोवीस तारखा, प्रत्येक फोनची वेळ, आणि प्रत्येक ओळीत 'हात'. धनश्रीच्या डोळ्यांत पाणी आले. त्या ओळी टिकल्या तर छबुबाईची मेहनत वाचणार होती. पण त्याच ओळी धनश्रीची चूक चव्हाट्यावर आणणार होत्या, हेही तिला दिसत होते. तिने मला पिशवीत घातले आणि नेकनूरची एसटी पकडली.

छबुबाईच्या घरी मला पत्र्याच्या पेटीवर ठेवले. धनश्रीने काही न लपवता सगळे सांगितले. छबुबाईने खुंटीवरचा कासरा काढला आणि तिच्यापुढे आपटला.

"कावून पुसता गं? चोवीस सोमवार गेलते मी त्या हिरीवर. ताप आलता तवा बी गेलते. आन तुमी पुसाया निघाला? माजी एक बी गाठ चुकली न्हाई!"

"मावशी, मी दीड फुटाचा हात धरला. पुस्तकात तसं होतं."

"हात माजा हाय, पुस्तकातला न्हाई. इचारलं आसतं तर दावला आसता."

असे म्हणून तिने कोपर पेटीवर टेकवले आणि बोटे ताठ केली. धोंडीरामने त्याच हरवलेल्या टेपने कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजले. सोळा इंच भरले. मग कासऱ्याच्या गाठी एकेक करून मोजल्या. प्रत्येक गाठ सोळा इंचांवर, फरक कुठे असेल तर नखाएवढा. धनश्रीने माझ्यात दीड फूट खोडले नाहीत, शेजारी नवा रकाना केला आणि सोळा इंच भरले. बावीस हातांचे एकोणतीस फूट चार इंच झाले. शेवटच्या तीस हातांचे बरोबर चाळीस फूट झाले, टेपने दाखवले होते तेवढेच. ती चार फुटांची उडी कधी नव्हतीच. पाणी सबंध हिवाळा हळूहळू उतरले होते आणि छबुबाईने ते इमानाने मोजले होते.

सरांचा शोध बुडाला. तिसऱ्या दिवशी ते आले, माझ्यासमोर बसले आणि धनश्रीला म्हणाले, "दुरुस्ती जाहीर कर. चुकीचा आलेखही तिथेच राहू दे, खाली कारण लिही. आणि माझं नाव आधी टाक. हाताचा रकाना मी काढायला लावला होता." मला त्यांचा राग होता. तो त्या दिवशी बराच निवळला. धनश्रीने आपल्या प्रबंधात त्या चुकीचे एक वेगळे प्रकरण लिहिले आणि सायलीबाईंचे जाहीर आभार मानले.

तेव्हा मित्रांनो, माझे एवढे ऐका. जुनी वस्तू फेकण्याआधी तिच्या पोटात काय आहे ते बघा. चूक झाली तर ती लपवू नका, तिच्या शेजारी दुरुस्ती लिहा आणि दार उघडे ठेवा, म्हणजे धर्मापुरीची एखादी बाई आत डोकावू शकेल. आणि ज्याने मोजले त्याला अडाणी म्हणण्याआधी त्याने कशाने मोजले ते विचारा.

मला भंगारात टाकायचे असेल तर खुशाल टाका. ती फाईल आता चार ठिकाणी आहे, माझ्याबरोबर ती मरणार नाही. पण अजून तरी मी टेबलावर आहे. यंदाही दसऱ्यानंतर धोंडीराम तोडीला गेला. टेप घरी ठेवून गेला. सोमवारी छबुबाईचा फोन आला.

"फुटात सांगू का हातात?"

"दोन्हीत सांगा, मावशी," धनश्री म्हणाली आणि माझ्यावर बोटे चालवू लागली. मी ती नोंद घेतली. त्या फाईलच्या अगदी वर, सरांच्या आणि विद्यापीठाच्या नावाच्याही आधी, आता एक ओळ आहे. जगात कोणीही ती फाईल उघडली तरी त्याला ती आधी वाचावी लागते: 'या नोंदींत एक हात म्हणजे सोळा इंच. हा हात छबुबाईंचा आहे.'