एकोणीस दिवसांचा रिपोर्ट

आमच्या घरात जेवायला बसलं की आधी रिपोर्ट द्यावा लागतो. आप्पा, म्हणजे माझे वडील नानासो, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झाले त्याला अकरा वर्षं झाली, पण फौज काही त्यांच्यातून रिटायर झालेली नाही. भाकरीचा पहिला तुकडा मोडायच्या आधी ते एकच शब्द विचारतात, "रस्ता?" मग सकाळी सायकलवर मी जे जे पाहिलं ते सांगायचं. सगळं ठीक असेल तर शेवटी म्हणायचं, "क्लियर." त्याशिवाय भाकरी मोडत नाही.

मी सायकलिंग करते. शर्यतीचं, कॉलेजला जाण्यापुरतं नव्हे. आमची वस्ती कडेगावच्या वरच्या अंगाला, सातारा जिल्ह्याच्या हद्दीला टेकून. तिथून पुसेसावळीवरून औंध, यमाईच्या डोंगराचा चढ, आणि परत, असा माझा सराव. पहाटेच्या वेळेला रस्त्यावर माणसं कमी आणि जनावरं जास्त. कोल्हा रस्ता ओलांडताना मध्येच थांबून असा बघतो, की आपणच त्याच्या रानात घुसलोय, आणि घुसलेलोच असतो. रानडुकरं एकदा एकामागे एक अशी नऊ गेली, मी ब्रेक दाबून मोजली. साळिंदराचा एक काटा आणून दिला तर आप्पांनी तो मेडलच्या पेटीत ठेवला. आई म्हणाली, "बापलेक दोगंबी तसलीच."

हे सगळं मी रिपोर्टमध्ये सांगायचे. बिबट्याचं मात्र सांगितलं नाही.

पहिल्यांदा दिसला तेव्हा वासरू वाटलं. आमच्या उसाच्या फडाला लागून पाटाची मोरी आहे, म्हणजे पाणी रस्त्याखालून जायचा छोटा पूल, रस्ता तिथं वळतो. मोरीच्या कठड्यावर काहीतरी बसलेलं. वळणावर वेग कमी करताना त्याची शेपटी खाली लोंबलेली दिसली. ती वासराची नव्हती. मी थांबले. त्यानं मला नीट पाहून घेतलं आणि उसात उतरून गेला. घाई अजिबात नाही. दुसऱ्यांदा दिसला तो चार दिवसांनी, मग दोन दिवसांनी, मग ओलीत पायांचे ठसे रोजच. मी त्या वळणावर उतरून, सायकल बाजूला धरून, मोठ्यानं काहीतरी बडबडत चालत जायला लागले. त्याचं त्याच्याजागी, माझं माझ्याजागी. भीती वाटायची. न वाटायला मी काय दगड आहे? पण भीती वाटते म्हणून मी आजवर एकही चढ सोडलेला नव्हता.

घरी का सांगितलं नाही, ते सांगते. आमच्याकडं बिबट्या दिसला की पिंजरा आधी पोरींना लागतो. शेजारच्या वाडीत गेल्या साली नुसते ठसे सापडले, तर तिथल्या शिवांजलीचं कॉलेज दोन महिने बंद झालं. पुढे तिचं लग्नच ठरलं. बिबट्या अजून मजेत आहे. माझी जिल्ह्याची निवड चाचणी रविवारी विट्याला होती. तीन वर्षं मी त्या एका सकाळसाठी पाय झिजवले होते. तेव्हा मी हिशोबच केला, रविवारपर्यंत गप्प बसायचं. निवड झाली की त्याच संध्याकाळी सगळं सांगून टाकायचं, मग काय व्हायचं ते होवो.

म्हणून रोज रात्री आप्पा विचारायचे, "रस्ता?" आणि मी म्हणायचे, "क्लियर."

खोटा रिपोर्ट म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आप्पा सीमेवरच्या चौकीवर असताना एका जवानानं फेरी न मारताच क्लियर म्हणून सांगितलं होतं. त्याचं पुढं काय झालं, हे आप्पांनी कधी सांगितलं नाही. ती गोष्ट तिथवर आली की ते ताट बाजूला सारतात आणि हात धुवायला उठतात.

शुक्रवारी ऊसतोडीची टोळी आली. जतकडची माणसं, मूळची मेंढरं राखणारी. आता पावसाळ्यात शेती आणि हिवाळ्यात कोयता. त्यांच्यातली धोंडुबाई टोळीतली सगळ्यात म्हातारी, आणि तिची सून राणी माझ्याच वयाची, कडेवर सात महिन्यांचा पोरगा. शनिवार पाचटाच्या खोपी बांधण्यात जायचा होता, आणि रविवारी विहिरीच्या बाजूनं तोड सुरू करायला आप्पांनी सांगितलं होतं. तिथून मोरीपर्यंत यायला टोळीला तीन-चार दिवस सहज लागले असते. मी मनात म्हटलं, तोवर रविवार उलटतोच की.

शनिवारी रात्री आप्पांनी नेहमीसारखं विचारलं, "रस्ता?"

"क्लियर. एक मुंगूस, दोन टिटव्या."

"मोरीकडचा भाग?"

असं वेगळं कधी विचारत नाहीत ते. मला वाटलं, उद्या चाचणी आहे म्हणून बाप काळजी करतोय.

"क्लियर," मी म्हणाले. आप्पांनी भाकरी मोडली.

रविवारी साडेसहाला निघाले. विटा काही फार लांब नाही, चाचणी आठला होती. थंडी मस्त होती, पाय हलके पडत होते. वळणाच्या आधी सवयीनं उतरले आणि समोर पाहिलं तर मोरीपाशी करंजाच्या फांदीला साडीची झोळी बांधलेली. झोळी हलत होती. आत पोर होतं.

उसाच्या आतून कोयत्यांचा आवाज येत होता, पन्नासेक पावलांवरून. म्हणजे टोळीनं तोड या बाजूनंच सुरू केली होती. झोळीच्या पलीकडं, मोरीच्या कठड्यावर, तो बसला होता. यावेळी तो माझ्याकडं बघत नव्हता.

मी विचार केला असं सांगितलं तर ती बढाई होईल. पाय आपसूक पुढं गेले. सायकल आडवी धरून मी झोळीच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले. वाकायचं नाही, पळायचं नाही, पाठ करायची नाही, एवढं मला माहीत होतं. जमेल तेवढी ताठ उभी राहिले आणि ओरडले. काय ओरडावं? तोंडातून आलं ते आप्पांचं पहाऱ्यावरचं, लहानपणी आम्ही खेळायचो ते, "थम, कौन आता है?"

बिबट्याला हिंदी येत असावी. तो उठून उभा राहिला. पण हलला नाही. मी पुन्हा ओरडले, सायकलची घंटा वाजवत सुटले. तेवढ्यात मोरीच्या आतून बारीक म्याव असा आवाज आला, मागोमाग आणखी एक. मग मला कळलं. तो नव्हता, ती होती. तिचीही लेकरं तिथंच होती, माझ्यापासून दहा पावलांवर, आणि कोयते जवळ येत होते. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि कठड्यावरून खाली मोरीत उतरली.

घंटेच्या आवाजानं राणी उसातून धावत आली. मी नुसतं बोट दाखवलं. तिनं पोराला झोळीतून असं ओढून काढलं, की ते झोपेतून भोकाड पसरून उठलं. आम्ही दोघी पाठ न फिरवता, मागं मागं पावलं टाकत, चांगली शंभर पावलं लांब आलो.

"हितं कशाला बांधलीस गं झोळी?" मी विचारलं.

"नानासोंनीच सांगितलं काल रातच्याला, ताई," राणी म्हणाली. "विहिरीकडं वलं हाय, पोराला गारठा बाधंल, तवा मोरीकडनं सुरू करा म्हनले. झाडाला झोळी बांधा, आमच्या पोरीचा रोजचा रस्ता हाय, क्लियर हाय म्हनले. क्लियर म्हंजी काय ते आमाला ठावं न्हाई. पन चांगलंच आसंल, म्हनून बांधली."

मी मोबाइल काढला. सात वाजत आले होते. आताही निघाले असते तर आठला विट्यात पोचले असते. पोर वाचलं होतं. आप्पांना फोन करून एवढंच सांगायचं होतं, की आत्ता मोरीपाशी बिबट्या दिसला, माणसं हलवा. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. एकोणीस दिवसांचं कुणाला कधी कळलं नसतं. खरं सांगते, मी नंबरही लावला होता.

पण वाट चुकून आलेला बिबट्या म्हटलं की आप्पा फटाके लावतील, तासभर थांबतील आणि तोड पुन्हा सुरू करतील. ती तिथं राहते आहे, तिची पिल्लं मोरीत आहेत, ती कुठून येते, कुठं उतरते, किती वाजता, हे सगळं मला एकटीलाच माहीत होतं. ते सांगायचं तर एकोणीस दिवस सांगावे लागणार होते. मी फोन लागायच्या आत बंद केला. राणीला म्हटलं, "सगळ्यांना उसातनं भाईर काढ. लगीच." आणि सायकल विट्याकडून घराकडं वळवली.

आप्पा अंगणात चहा पीत होते. मला पाहून त्यांनी आधी घड्याळ पाहिलं.

"रिपोर्ट द्यायचाय," मी म्हणाले.

उभ्यानं सगळा दिला. पहिला दिवस, दुसरी खेप, ठसे, आजची झोळी. आप्पांनी मध्ये एकदाच विचारलं, "कवापास्नं?"

"एकोणीस दिस."

त्यांनी कप खाली ठेवला. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "राणीला मी सांगितलं हुतं, तिथं बांध म्हनून."

"म्हाईत हाय."

"तुज्या शब्दावर सांगितलं हुतं."

मी मान खाली घातली नाही. घालावीशी फार वाटली, पण रिपोर्ट देताना घालायची नसते.

मग आप्पा कामाला लागले. टोळीच्या खोपी मोरीकडच्या अंगाला होत्या, त्या विहिरीजवळ हलवल्या. वनखात्याला फोन केला, त्यांची माणसं दुपारी आली आणि लांबूनच बघून गेली. तोड पुन्हा विहिरीकडून सुरू करायची, मोरीपलीकडच्या ओढ्याच्या अंगाचा ऊस शेवटपर्यंत उभा ठेवायचा, म्हणजे तिला पिल्लं घेऊन ओढ्यानं निघून जाता येईल, असं ठरलं. ती कुठून कशी जाते ते मी काठीनं मातीत काढून दाखवलं. म्हातारी धोंडुबाई माझ्या शेजारी उकिडवी बसून सगळं बघत होती. ती एवढंच म्हणाली, "मेंढरामागं असताना लांडगा दिसला, आन कुनी बोललं न्हाई, आसं आमच्यात हुत न्हाई बग." तिनं ते रागानं म्हटलं नाही, म्हणूनच जास्त लागलं. त्या गडबडीत केव्हातरी घड्याळ पाहिलं तर सव्वानऊ झाले होते. विट्यात चाचणी सुटूनही गेली असेल. मी गोठ्यामागं जाऊन पोटभर रडले, तोंड धुतलं आणि परत आले.

रात्री जेवायला बसलो. आप्पांनी काही विचारलं नाही. त्यांनी गुपचूप भाकरी मोडली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. चाचणी गेल्याचं दुःख होतंच, पण ती भाकरी मोडलेली पाहून जे झालं त्यापुढं ते काहीच नव्हतं.

मी न विचारता बोलायला लागले. "रस्ता. मोरी, मादी एक, पिल्लं दोन. ठसे ओढ्याकडं गेलेले, परत आलेले. पुसेसावळीपातूरचं आज म्हाईत न्हाई, गेले न्हाई. रस्ता क्लियर न्हाई."

आप्पांचा घास हातात राहिला. "आन उद्या?"

"उद्या जानार," मी म्हणाले. "औंधापातूर. निवड फुडच्या साली पुन्यांदा हाय. मोरीपाशी उतरून चालत जाईन, पन जानार."

आईचा हात तव्यावर थांबला. ती आप्पांकडं बघत होती, मीही. सायकल काढून घेतील, असंच मला वाटत होतं. काढून घेतली असती तर मी भांडले असते, आणि तरी मनातून म्हटलं असतं, बरोबर आहे.

"जा," ते शेवटी म्हणाले. "दिस उगवल्यावर जायचं, अंधारात न्हाई. आन हितनं फुडं रिपोर्ट मला न्हाई द्यायचा. आदी राणीला द्यायचा."

दुसऱ्या दिवशी औंधाहून परतले तेव्हा टोळी न्याहारीला बसली होती. विहिरीजवळच्या चिंचेला झोळी बांधलेली, झोळीपाशी धोंडुबाई काठी घेऊन बसलेली. मला पाहून राणी पोराला कडेवर घेऊन बांधापर्यंत चालत आली. बापाला रिपोर्ट देणं सोपं असतं, हे मला तिथं समजलं.

"मोरीत ताजे ठसे हायती," मी म्हणाले. "सकाळचे. ती अजून गेली न्हाई. ओढ्याकडं कुनी पानी आनाया जाऊ नका."

राणीनं पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "आन त्ये तुमचं क्लियर?"

"न्हाई," मी म्हणाले. "आज न्हाई."

तिनं मान हलवली आणि मागं वळून टोळीतल्या बायांना ते ओरडून सांगितलं. ओढ्याकडं घागर घेऊन निघालेली एक बाई परत फिरली.