चित्र हलत नाही

"हे हलत का नाहीये?" काकांनी विचारलं.

मला वाटलं, त्यांच्या जुन्या कॅसेटवरून मी साफ करून दिलेला व्हिडिओ अडकला. "चालू आहे की, काका. मुलगा पळतोय बघा."

"तो पळतोय. चित्र हलत नाहीये."

मी खूश झालो. खरंच. वाटलं, कौतुक चाललंय. गेल्याच आठवड्यात मशीनमध्ये दुसरं ग्राफिक्स कार्ड बसवलं होतं. आधी एका कार्डावर असलं काम टाकलं की दोन दिवस खोलीत नुसती पंख्यांची घरघर. आता फिल्म मधोमध तोडायची, अर्धी याला, अर्धी त्याला, शेवटी जोडून टाकायची. सकाळी लावलं की संध्याकाळी हातात. कुणी शिकवलं नाही, वाचून वाचून जमवलंय. आणि जमल्यावर सांगायला खोलीत कुणी नसतं. म्हणून काकांनाच सगळं सांगून टाकलं. थरथर काढली, मागची खरखर काढली, चेहरे स्वच्छ केले.

काका पूर्वी वजनकाटे दुरुस्त करायचे. आल्या आल्या मशीनच्या काचेतून आत डोकावून म्हणाले होते, "दोन-दोन बसवलेत? एकट्याला झेपत नव्हतं का?" मी हसलो होतो. त्या दिवसातलं माझं कुणाशी झालेलं पहिलं बोलणं ते.

आता ते हसत नव्हते.

"आवाज वाढवा जरा."

वाढवला. मुलगा ओरडला. सायकल पडली.

"अजून."

फुल्ल केला. मध्ये मध्ये नुसती शांतता.

"ती नाहीये यात," काका म्हणाले.

"कोण?"

"आमची ही."

मी गोंधळलो. अख्खी कॅसेट चार वेळा बघितली होती मी. मुलगा आहे, काका आहेत, शेजारी आहेत. बाई कुठंच नाही. "काकू आधीपासूनच नव्हत्या यात. मी कुणाला कापलं नाही, शप्पथ."

"दिसेल कशी? कॅमेरा तिच्याच हातात असायचा. मला देत नव्हती. म्हणायची, तुम्ही माणसांची डोकी उडवता. हात थरथरायचा तिचा. पोरामागं पळायची, मग दम लागायचा. तो ऐकू यायचा. मध्येच 'अरे हळू' म्हणून पुटपुटायची. तेवढीच आहे ती. फोटोसुद्धा धड नाही एक."

थरथर. खरखर. मीच काढली होती, दोन-दोन कार्डं लावून.

बरं, मूळ कॅसेट? ती कॉम्प्युटरवर कॉपी झाल्यावर, रिवाइंड करताना आतली टेप तुटली होती. मीच सांगितलं होतं काकांना, काळजी करू नका, कॉपी आहे. आणि ती कॉपी सकाळीच डिस्क भरली म्हणून मी उडवली होती.

"काका, पाच मिनिटं हं."

"सापडेल ना?"

कॉम्प्युटरवरची कचरापेटी उघडली. वरून खाली बघत गेलो. होती. पेटी रिकामी करायचा कंटाळा केला होता. आजवर केलेल्या सगळ्या आळसात हा एकच कामाला आला.

फाइल लावली. चित्र डुगडुगायला लागलं. मुलगा फ्रेमच्या बाहेर गेला, परत आत आला. स्पीकरमधून कुणीतरी अगदी जवळ धापा टाकत होतं. मग बारीक आवाजात, "अरे हळू."

काका खुर्चीत मागं टेकले. आल्यापासून पहिल्यांदा.

"हे बनवायला किती दिवस लागतील?"

"काही बनवायचं नाही, काका. आहे तसं द्यायचं."

दोन्ही कार्डांचे पंखे कधीच थांबले होते.

शेवटी शेवटी कॅमेरा कुठंतरी टेबलावर ठेवलेला आहे. बंद करायचा राहिलाय. समोर नुसती भिंत, अकरा मिनिटं. माझ्या फिल्ममधून सगळ्यात आधी मी हेच उडवलं होतं. सवयीनं माझा हात माउसकडे गेला.

"राहू दे," काका म्हणाले. "हे आम्ही कधी बघितलंच नाही. बघता बघता पोरगा झोपला की टीव्ही बंद करायचो."

भिंत. आतून पावलं. नळ सुरू झाला. काहीतरी विसळलं जात होतं. नळ बंद झाला.

काका पुढं झुकले.

"आता येईल बघा. कॅमेरा बंद करायला."

मीही पुढं झुकलो. दोघं भिंतीकडे बघत बसलो.

टेप संपेपर्यंत कुणी आलं नाही.