पास्टरांची पाटी

मी एक दगडी पाटी बोलतेय. लाकडी चौकटीची, डाव्या कोपऱ्याला बारीक तडा गेलेली. स्वभावाने मी पहिल्यापासून घाबरट. कुणी एका हाताने उचललं तरी मला खालची फरशीच दिसू लागते. फुटण्याची भीती हा आम्हा पाट्यांचा खानदानी आजार, त्याला मी तरी काय करू? पण आज जी धाकधूक चालली आहे ती माझ्यासाठी नाही.

रावेरच्या बाजारात एका स्टेशनरीच्या दुकानात मी किती वर्षं पडून होते कोण जाणे. मुलं आता थेट वह्याच घेतात. माझ्यावर पतंगाचे कागद आणि राख्यांचे खोके रचलेले असायचे. गेल्या महिन्यात रत्नाताई आल्या. केळीच्या पॅकिंगच्या कामावरून तशाच आलेल्या, बोटांना चिकाचे काळे डाग. "मोठ्या माणसाले लिखाले पाहिजे," त्या म्हणाल्या. दुकानदार हसला. मी धास्तावले.

तो मोठा माणूस म्हणजे त्यांचे यजमान, पास्टर कुंदन बारेला. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. तिथे पत्र्याच्या एका खोलीत दर रविवारी उपासना भरते. चौदा वर्षं त्या खोलीत त्यांचा खणखणीत आवाज घुमला. कुणाच्या घरी आजारपण असो, मयत असो, ते जायचे आणि 'भिऊ नका' म्हणून धीर द्यायचे. मग त्यांचा घसा बसला तो उठेचना. एक दिवस थुंकीत रक्त दिसलं. जळगावच्या डॉक्टरांनी घशातला बारीक तुकडा तपासायला काढला आणि बजावलं, रिपोर्ट येईपर्यंत कुजबुजायचंसुद्धा नाही. तपासणी कशाची, तो शब्द घरात कुणी उच्चारत नसे.

मोबाइलवर लिहिता आलं असतं, पण त्यावरचं बारीक अक्षर उपासनेला येणाऱ्या म्हाताऱ्यांना दिसणार नाही, असं रत्नाताईंचं म्हणणं. म्हाताऱ्यांना मुळात वाचताच येत नाही, हे त्या घाईत दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

पहिल्याच रविवारी पास्टरांनी माझ्यावर ठळक अक्षरांत दोन ओळींचा उपदेश लिहिला आणि मला हातोहात फिरवलं. पुढेच बसलेल्या सुकाआबांनी मला उलटं धरलं, मान डोलावली, "आमेन" म्हणाले आणि पुढे सरकवलं. बाकीच्यांनीही मोठ्या आदराने तसंच केलं. मला हसू फुटत होतं. तेवढ्यात माझी नजर पास्टरांकडे गेली. ते खिडकीबाहेर बघत होते, आणि त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

त्यानंतर ते माझ्यावर 'पाणी', 'जेवलो', 'नको' एवढंच लिहीत. सकाळी मला मांडीवर घेऊन प्रार्थनेला बसत. लेखणी टेकवत, तशीच उचलत. काळीकुळकुळीत कोरी राहण्याचं इतकं दुःख मला दुकानातही झालं नव्हतं.

गुरुवारी दुपारी मोतीबाई आल्या. सत्तरीच्या आहेत, नवऱ्याच्या मागे शेत त्यांनीच राखलं. रत्नाताई कामावर गेलेल्या. मोतीबाईंनी ताकाचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तोंड उतरेल शे तुमनं, पास्टरभाऊ. काय व्हयनं?"

पास्टरांनी मला ओढून घेतलं आणि भराभर लिहिलं. 'मला भीती वाटते. चौदा वर्षं दुसऱ्यांना धीर दिला, आता स्वतःला द्यायला काही उरलं नाही. प्रार्थनेला बसतो, पण देव ऐकतोय असं वाटत नाही.' मोतीबाईंना वाचता येत नाही म्हणूनच त्यांनी हे लिहिलं, हे मी शपथेवर सांगते. मग मला पुसायला फडका घेण्यासाठी ते उठले.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. ज्याला अडचण त्याने विनंती सांगायची, आणि गुरुवारी बायका जमतात तिथे ती मोठ्याने सांगून तिच्यासाठी प्रार्थना करायची. मोतीबाईंना वाटलं, ही पास्टरांची विनंतीच. "मन्हा घर बाया येल शेतस. शीतल वाची दी," असं म्हणून त्यांनी मला पदरात गुंडाळलं. बाहेर त्यांचा मुलगा रोहिदास मोटारसायकल चालू ठेवून उभा होता.

पास्टर फडका घेऊन वळले तेव्हा आम्ही निघालो होतो. ते अनवाणी रस्त्यापर्यंत धावले, दोन्ही हात हलवले. मोतीबाईंनी वळून पाहिलं आणि त्यांनीही प्रेमाने हात हलवला. मी पदराला अंग घासून अक्षरं पुसायचा प्रयत्न केला. पण पाटीला स्वतःला कुठे पुसता येतं?

मोतीबाईंची सून शीतल सातवी शिकलेली आहे. अक्षराखाली बोट ठेवून तिने एकेक शब्द मोठ्याने वाचला. शेवटचा शब्द वाचून होतो तोच दारात पास्टर येऊन उभे राहिले, धापा टाकत, पाय धुळीने माखलेले. शीतलने अक्षराखालचं बोट झटकन काढून घेतलं. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस या गावात मान वर करून कसा फिरणार?

कोपऱ्यातून भागाबाई म्हणाल्या, "माले बी भेव लागस. पोरगा सुरतले ग्या तवयपासून रोज लागस. पन तुमले कसं सांगाव? वाटे, तुमी म्हनशात, हिना इस्वास कमी पडना."

"मी बी नही सांगं कधी," आणखी कुणीतरी म्हणालं.

मोतीबाईंनी सतरंजीवर जागा केली. आतापर्यंत त्या पास्टरांना 'तुमी' म्हणत आल्या होत्या. "बस आठे, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुले बोलता येत नही तं राहू दे. आज आम्ही बोलतस."

पास्टर बसले. बायकांनी जमेल तशी प्रार्थना केली, त्यात त्यांचा घसा होता, सुरतचा मुलगा होता, कुणाची आजारी शेळीही होती. पास्टर तोंड मिटून रडत होते. त्यांचे खांदे किती हलत होते ते मी पाहिलं आहे.

आज आम्ही रिपोर्टसाठी जळगावच्या दवाखान्यात आहोत. मी रत्नाताईंच्या पिशवीतून अर्धी बाहेर डोकावतेय. मोतीबाई पहाटेच्या एसटीने सोबत आल्या, नको म्हटलं तरी त्यांनी ऐकलं नाही. पास्टरांनी त्या ओळी अजून पुसलेल्या नाहीत, लागेल तेवढं खाली कोपऱ्यात लिहितात. भीती गेलेली नाही, त्यांचीही नाही आणि माझीही नाही. माझी एवढीच विनवणी आहे, तुम्हाला कायम धीर देणारं कुणी असेल, तर त्यालाही एकदा विचारा, तुला कसं वाटतंय. तो सांगेपर्यंत थांबा.

दार उघडलं. नर्सने हातातल्या कागदाकडे बघून हाक मारली, "कुंदन बारेला?" पास्टर उभे राहिले, पण पाऊल उचलेना, आणि ओ द्यायला आवाज नाही. नर्सने दुसऱ्यांदा हाक मारली.

"ओ," मोतीबाई म्हणाल्या, इतक्या मोठ्याने की बाकावरची सगळी माणसं वळली. "आठेच शेतस आम्ही."